सहापैकी एक गुण

नवीन पनवेलमधल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. बाई एम.ए., बी.एड. आहेत. अनुभव नऊ वर्षांचा, वय चौतीस. म्हणाल्या, "सर, ती अमेरिकेतली पोरं पदवी हातात पडली की स्पेनला जातात, प्रागला जातात, तिथं इंग्रजी शिकवतात आणि तिथंच राहतात. प्रेझेंट परफेक्ट कशाशी खातात हे त्यातल्या निम्म्यांना सांगता येणार नाही. मग मी का नाही जाऊ शकत?"

प्रश्नात थोडा राग होता, थोडी गंमत होती. "बघून सांगतो" म्हणून मी सुटका करून घेतली. बघायला लागलो तेव्हा लक्षात आलं की हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. शिकवायचं काम मिळेल का? त्या कामावर तिथं राहता येईल का? आणि राहता आलं तर ते राहणं टिकेल का? आपल्याकडच्या चर्चेत हे तिन्ही एकाच पिशवीत कोंबले जातात. एजंटांच्या जाहिरातीत तर हमखास.

आधी त्या अमेरिकन पोरांचं पाहू. ती युरोपात आली १९८९ नंतर. त्याआधी पूर्व युरोपातल्या बहुतेक देशांच्या शाळांत रशियन सक्तीची होती. त्या वर्षी एकामागून एक राजवटी कोसळल्या आणि रशियन शिकवणारे हजारो मास्तर एका रात्रीत बिनकामाचे झाले. इंग्रजी शिकवायला मात्र माणूस मिळेना. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी संस्थेने १९९० मध्ये हंगेरी आणि पोलंडला इंग्रजी शिकवणारे स्वयंसेवक पाठवले. त्याच सुमारास कुणी न पाठवलेली पोरंही आपापली पाठपिशवी घेऊन प्रागला पोचली. बिअर स्वस्त, भाडं स्वस्त, शहर देखणं. १९९१ मध्ये तिथं 'प्राग पोस्ट' हे इंग्रजी वर्तमानपत्र निघालं, यावरून गर्दीचा अंदाज यावा. खासगी भाषाशाळा गल्लोगल्ली उघडल्या होत्या आणि शिक्षकाला विचारला जाणारा मुख्य प्रश्न होता, "तुम्ही कुठले?" अमेरिका म्हटलं की उद्यापासून तास.

आज इतकं सैल नाही. पदवी लागते, शिवाय १२० तासांचा टेफल, म्हणजे परकीयांना इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम. केंब्रिजचा सेल्टा केला असेल तर वजन जास्त. तोही १२० तासांचाच, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, परीक्षकाच्या देखत सहा तास शिकवून दाखवावं लागतं. आपल्या बी.एड.च्या पाठांशी आणि इंटर्नशिपशी तुलना केली तर सहा तास म्हणजे काहीच नव्हे. बाईंचा राग इथपर्यंत अगदी रास्त आहे.

पण अमेरिकन माणसालाही युरोपात राहण्याचा हक्क इंग्रजीने मिळत नाही, हे मला उशिरा समजलं. अमेरिकन पासपोर्टवर शेंगेन देशांत व्हिसाशिवाय शिरता येतं, पण १८० दिवसांत ९० दिवसच. त्यापुढे राहायचं तर परवाना हवा. परवाना मालकाने मागायचा, आणि बहुतेक देशांत मालकाला आधी सांगावं लागतं की या कामासाठी युरोपीय संघातला माणूस मिळाला नाही. इंग्रजीच्या बाबतीत हे सांगणं कठीणच होतं, कारण ब्रिटिश आणि आयरिश हाताशी होते. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला संघाबाहेर पडलं आणि त्या वर्षाअखेर ब्रिटिशांचा मुक्त संचार संपला. आता संघाचा पासपोर्ट आणि घरात इंग्रजी, असं दोन्ही असलेले आयरिश उरले, आणि फार तर माल्टाचे. तेव्हा अमेरिकनांना रान मोकळं व्हायला हवं होतं. झालं नाही. दहा-बारा शिक्षकांची भाषाशाळा एका माणसासाठी सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला तयार नसते.

म्हणून अमेरिकनांनी बाजूच्या दारांचा शोध लावला. सगळ्यांत मोठं दार स्पेनचं. तिथलं सरकार परदेशी तरुणांना शाळेत 'संभाषण सहायक' म्हणून बोलावतं. आठवड्याला बारा ते सोळा तास वर्गशिक्षकाच्या शेजारी उभं राहून मुलांना बोलतं करायचं. प्रांतानुसार महिन्याला साधारण ७०० ते १,००० युरो. यात गोम अशी, की हा पगार नव्हे, विद्यावेतन आहे, आणि मिळतो तो विद्यार्थ्याचा मुक्काम, निवासाचा हक्क नव्हे. तीन वर्षं शिकवून झाल्यावर ध्यानात येतं की कायद्याच्या खात्यावर फारसं काही जमाच झालेलं नाही. नागरिकत्वासाठी स्पेन सर्वसाधारण परदेशी माणसाकडून दहा वर्षांचा वैध निवास मागतं. लॅटिन अमेरिकेच्या किंवा फिलिपिन्सच्या माणसाकडून मात्र दोनच वर्षांचा. जुन्या वसाहतीची आठवण स्पेनने अशी ठेवली आहे. आपली वसाहत ज्या इंग्रजांनी केली त्यांनी असलं काही ठेवलेलं नाही.

चेक प्रजासत्ताकात शिक्षक स्वतःच्या नावाने व्यवसाय-परवाना काढतो. तिथले परदेशी लोक त्याला लाडाने 'झिव्नो' म्हणतात. शाळेचा नोकर नाही, शाळेला सेवा पुरवणारा एकांडा धंदेवाईक. जर्मनीत निवास कायद्याच्या २१ व्या कलमाखाली स्वतंत्र व्यवसायाचा परवाना मिळतो आणि बर्लिनमध्ये कंपन्यांना इंग्रजी शिकवणारे कित्येक अमेरिकन त्यावर राहतात. नेदरलँड्सची तर गोष्टच वेगळी. १९५६ चा डच-अमेरिकन मैत्री करार अजून चालू आहे. अमेरिकन माणसाने ४,५०० युरो भांडवल घालून छोटासा धंदा उघडला की त्याला राहता येतं. धंदा म्हणजे काय, तर इंग्रजीची शिकवणी! आपल्याकडे नवीन पनवेलच्या प्रत्येक सेक्टरमध्ये असले दहा धंदे जिन्याखाली चालतात.

आता यातली किती दारं पनवेलच्या बाईंना उघडी आहेत? डच करार अमेरिकनांचा, आपला संबंध नाही. जर्मनीत अमेरिकन, कॅनेडियन, जपानी वगैरे मोजक्या देशांचे लोक व्हिसा न घेता उतरतात आणि तिथं जाऊन परवान्याचा अर्ज करतात. आधी घर बघा, चार शाळांना भेटा, मग कागद भरा. आपल्याला मात्र सगळे कागद मुंबईतूनच पुरे करून निघावं लागतं. शाळा म्हणते, आधी येऊन भेटा. वकिलात म्हणते, आधी शाळेचं पत्र आणा. नुसतं भेटून यायचं म्हटलं तरी शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे. २०२४ मध्ये भारतातून असे सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले दीड लाखांहून जास्त नाकारले गेले. नाकारलेल्या अर्जाची फी परत मिळत नाही.

म्हणजे अमेरिकन पोराच्या खिशात इंग्रजीपेक्षा मोलाची वस्तू आहे ती पासपोर्ट. त्याहून मोलाची वस्तू एखाद्याच्या खिशात असते, ती म्हणजे आजोबा. आजी-आजोबांपैकी एक जण आयर्लंडमध्ये जन्मलेला असेल तर आयरिश नागरिकत्व मागता येतं. इटली तर पणजोबांच्याही मागं जाऊ देत असे. अर्जांचा लोंढा इतका वाढला की मार्च २०२५ मध्ये इटलीने वटहुकूम काढून वंशावळीची दोरी दोन पिढ्यांवर आखडली. युरोपात निवांत राहून इंग्रजी शिकवणारे बरेच अमेरिकन खरं म्हणजे अशा कागदांवर राहतात.

हे वाचून कोकणातल्या माणसाला काही नवल वाटू नये. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यात हाच हिशोब घरोघरी चालतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आपला मानतं. त्याची मुलं-नातवंडंही जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरी चढवून पासपोर्ट मिळवतात. त्यासाठी कुणाला पोर्तुगीज बोलावं लागलेलं नाही. ब्रिटन संघात होतं तोवर या पासपोर्टवर गोंयकार लिस्बनला वळसा घालून थेट इंग्लंडला गेले, आणि स्विंडनसारख्या गावात त्यांची मोठी वस्ती झाली. किंमतही मोजावी लागते. दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं.

आणि पनवेलचं काय? जुन्या पनवेलमध्ये बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ मधलं. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांचं, म्हणजे ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत त्यांचं. शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. आडनावं पेणकर, रोहेकर, पनवेलकर. मातृभाषा मराठी. १९५० मध्ये इस्रायलने परतीचा कायदा केला आणि या मंडळींना एका कागदावर नव्या देशाचं नागरिकत्व खुलं झालं. भाषा तिथं जाऊन शिकायची होती. पण कागद मिळाला म्हणून मान मिळाला असं झालं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नासाठी वंशशुद्धीची चौकशी लावली. त्याविरुद्ध या मराठी यहुद्यांनी धरणं धरलं. १९६४ मध्ये त्यांच्या संसदेला जाहीर करावं लागलं की हे लोक सर्व अर्थांनी यहुदी आहेत. इस्रायल काही युरोप नव्हे, मला ठाऊक आहे. पण परदेशी स्थायिक होण्याच्या प्रश्नाचा आढावा पनवेलमध्ये बसून घेताना गावातलं सगळ्यांत जुनं उदाहरण वगळणं बरं दिसलं नसतं. मुक्कामाचा दाखला आणि स्वीकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा व्हिसा कुठल्याच वकिलातीत मिळत नाही.

शिकवण्याच्या बाबतीत हा स्वीकार आणखी अवघड. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठात त्या इंग्रजी शिकल्या आणि भारतात येऊ घातलेल्या सिस्टरांना त्यांनी मराठी शिकवली. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवावं का, असा विषय निघाला तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली. रमाबाईंची विद्वत्ता कुणी नाकारली नव्हती. कुणी कुणाला शिकवायचं, याची एक उतरंड मनात असते आणि ती ज्ञान बघून लागत नाही, हे त्या वेळच्या पत्रव्यवहारात उघड दिसतं.

इंग्रजीच्या धंद्यात या उतरंडीला 'नेटिव्ह स्पीकर' असं नाव आहे. नेटिव्ह हा शब्द आपल्याकडे साहेबाने आपल्याला उद्देशून वापरला, आणि तिकडे तोच शब्द साहेबाचा दागिना. शब्दाचं नशीब! या विषयावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. श्रीनगरमध्ये जन्मून अमेरिकेत इलिनॉयला शिकवणाऱ्या ब्रज कचरूंनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतलं वर्तुळ ब्रिटन-अमेरिकेचं. बाहेरचं भारत-नायजेरियासारख्यांचं, जिथं इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि मुरली. त्याबाहेरचं, पसरत जाणारं वर्तुळ जर्मनी-जपानसारख्यांचं. कचरूंचं म्हणणं असं, की मधल्या वर्तुळातल्या इंग्रजीला स्वतःचे नियम आहेत, ती कुणाची मोडकी नक्कल नव्हे. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये दाखवलं की 'इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा' हे तत्त्व शास्त्रातून आलेलं नाही. १९६१ मध्ये युगांडातल्या मकरेरे येथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी शिक्षणावर परिषद भरली होती, तिच्यातून ते पुढं आलं. हंगेरीच्या पीटर मेजेश यांनी तर जन्माने इंग्रजी नसलेल्या शिक्षकांवर पुस्तकच लिहिलं. त्यांचा मुद्दा कुठल्याही मराठी मास्तराला पटेल: ज्याने भाषा कष्टाने कमावली, त्याला विद्यार्थी नेमका कुठं अडखळणार हे आधीच दिसतं.

पुस्तकं निघाली, जाहिराती बदलल्या नाहीत. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा पूर्णपणे खुला आहे तो सात देशांना, त्यात दक्षिण आफ्रिका आहे आणि भारत नाही. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांना फट मिळाली, पण सहायक शिक्षकापुरती. चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारी व्हीआयपीकिड ही कंपनी फक्त अमेरिका-कॅनडातले शिक्षक घेत असे. २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला तेव्हा ती दुकानदारीच बंद पडली. युरोपीय संघात 'मातृभाषा इंग्रजी हवी' ही अट भेदभावाची मानली जाते. पण तो भेदभाव संघाच्या आपल्याच नागरिकांमधला. पोलंडच्या शिक्षिकेला तो कायदा ढाल होतो, पनवेलच्या नाही.

सगळ्यांत खुपणारी गोष्ट परीक्षेची. ब्रिटनच्या गृहखात्याकडे इंग्रजीभाषक देशांची एक यादी आहे. तिच्यात जमैका आहे, माल्टा आहे, भारत नाही. त्यामुळे इंग्रजीत एम.ए. केलेल्या, नऊ वर्षं शेक्सपिअर शिकवलेल्या माणसालाही इंग्रजी येतं हे वेगळं सिद्ध करावं लागतं. शेक्सपिअर कुणी विचारत नाही. वीजबिलाविषयी तक्रारीचं पत्र लिहायला सांगतात.

ब्रिटनवरून आठवलं. युरोपात शिक्षक म्हणून जाण्याचा भारतीयांसाठी सध्या सगळ्यांत सरळ रस्ता तोच आहे, पण तो इंग्रजीचा नाही. इंग्लंडमध्ये शिक्षकांचा तुटवडा आहे. फेब्रुवारी २०२३ पासून तिथल्या सरकारने भारतासह नऊ देशांच्या शिक्षकांना आपली शिक्षक-पात्रता थेट मागण्याची मुभा दिली. भारतीयांसाठी ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांपुरती. रायगड जिल्ह्यातला भौतिकशास्त्राचा बी.एड. मास्तर त्यात बसतो, इंग्रजीच्या बाई बसत नाहीत. आणि हा रस्ताही लांबतो आहे: पाच वर्षांनी मिळणारा कायम निवास दहा वर्षांवर न्यायचा, असा प्रस्ताव तिथल्या सरकारने मे २०२५ मध्ये मांडला.

फ्रान्सचा पर्याय गोड आहे, पण छोटा. फ्रेंच सरकार सरकारी शाळांसाठी इंग्रजीचे सहायक बोलावतं आणि त्यात भारतीयांनाही जागा असतात. आठवड्याला बारा तास, ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, हातात साधारण ८०० युरो. मुख्य अट ही, की फ्रेंच आली पाहिजे. मे महिन्यात माणूस परत. अनुभव सुरेख, पण त्याला स्थलांतर म्हणता येणार नाही. अमेरिकेची फुलब्राइट योजना याहून बोलकी आहे. तिच्यातून अमेरिकन तरुण जगभर इंग्रजीचे सहायक म्हणून जातात, आणि भारतातले तरुण अमेरिकेत जातात ते हिंदी, उर्दू, बंगालीचे सहायक म्हणून. ज्याने त्याने आपली आपली भाषा शिकवावी. रमाबाई वाँटेजला तेच करत होत्या.

आता जर्मनी. आपल्या राज्यात या देशाचं वारं जोरात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल तरुण पाठवायचे: परिचारिका, वीजतंत्री, गाड्यांचे मेकॅनिक, स्वयंपाकी, चालक. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांचा आकडा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करायचं जाहीर केलं. करार आणि माणूस यांच्यामधे एकच नदी आहे, जर्मन भाषा. परिचारिकेला युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची बी-दोन पातळी लागते. शून्यापासून तिथं पोचायला नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं जातात. मंत्रालयातल्या सहीने ती वर्षं कमी होत नाहीत. केरळने हे आधी ओळखलं. तिथल्या सरकारी संस्थेने २०२१ मध्येच जर्मन रोजगार खात्याशी करार करून परिचारिकांचे भाषावर्ग सुरू केले.

पनवेलमध्येही आता दहावीच्या गणिताच्या पाटीखाली 'जर्मन ए-वन, ए-टू' अशी नवी पट्टी चिकटवलेली दिसते. शिकवणारा कुठून शिकला हे विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही. पडायला हवी. तसंच, परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालची नोंदणी आहे का, हेही पैसे देण्याआधी विचारायला हवं, आणि त्याने चिडून उत्तर दिलं तर तेच उत्तर समजावं.

बाईंसाठी मी तीन वाटा तपासल्या. जर्मन सरकारी शाळेत शिक्षक व्हायचं तर साधारणपणे दोन विषयांची पदवी आणि सी-एक किंवा त्यावरची जर्मन लागते. बाईंचा विषय एकच. ती वाट मिटली. स्वतंत्र व्यवसायाची वाट इथून अर्ज करून मिळवायची, तर तिथल्या दोन-तीन संस्थांची पत्रं आधी हवीत. ती मिळणं अशक्य नाही, पण न भेटलेल्या, न पाहिलेल्या शिक्षिकेला पत्र देणारी संस्था विरळा. तिसरी वाट १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या 'चान्सनकार्ट'ची, संधीपत्राची. नोकरी हातात नसताना वर्षभर जर्मनीत राहून ती शोधायची परवानगी. पदवी मान्य असावी, आणि जर्मन ए-एक किंवा इंग्रजी बी-दोन एवढं किमान असावं. त्यानंतर गुण मोजतात आणि सहा गुण लागतात.

एका रविवारी वडाळे तलावाच्या काठावर बसून आम्ही हिशोब मांडला. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. गेल्या सात वर्षांत आपल्या विषयातला पाच वर्षांचा अनुभव, तीन गुण. झाले पाच. इंग्रजी सी-एक, एक गुण. सहा! बाई खूश. मी तक्त्यावरची खालची ओळ दाखवली. जर्मन ए-दोनला एक गुण, बी-एकला दोन, बी-दोनला तीन. म्हणजे जी भाषा शिकण्यात आणि शिकवण्यात आयुष्य गेलं तिला सहापैकी एक, आणि जी अजून येतच नाही तिच्यात तीन मिळण्यासारखे. त्यातही एक बारीक अक्षरांतली गोष्ट आहे. तो इंग्रजीचा एक गुण अमेरिकन माणसाला जन्माने मिळतो, बाईंना परीक्षा देऊन.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैशाचं काय?" पैशाचं असं, की वर्षभराचा खर्च आधी बँकेत अडकवून दाखवावा लागतो. २०२५ च्या हिशोबाने महिना १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. आपले तेरा लाखांच्या आसपास. बाईंची शाळा विनाअनुदानित, हातात पंचवीस हजार. चार वर्षांहून जास्त पगार, एक रुपया न खाता. आठवड्याला वीस तास छोटंमोठं काम करायची मुभा असते, पण ती तिथं पोचल्यावर. शिवाय पदवीच्या कागदांची खातरजमा, भाषांतरं, परीक्षेची फी. हे सगळं करून मिळतं काय, तर नोकरी शोधण्याचं एक वर्ष.

मला स्वतःला हा व्यवहार इंग्रजीच्या एकट्या भांडवलावर करण्यासारखा वाटत नाही. तो अमेरिकनांनाही परवडलेला नाही, एवढंच की त्यांना ते उशिरा कळतं, कारण पहिलं दार त्यांना ढकलावं लागत नाही. पुढचं दार मात्र सगळ्यांना सारखं आहे. जर्मनीत कायम निवासासाठी साधारण बी-एक पातळीची जर्मन लागते. स्पेनच्या नागरिकत्वाला स्पॅनिशची परीक्षा आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून दहा वर्षांच्या निवासपत्रासाठी फ्रेंचची पातळी वाढवून बी-एक केली आहे. प्रागमध्ये वीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसालाही शेवटी चेक शिकायला बाकावर बसावंच लागतं. शिकवलेल्या भाषेवर तिथं पोट भरता येतं. मुक्काम मिळतो तो शिकलेल्या भाषेवर. हे जर आधीच ठाऊक असेल तर क्रम उलटा करावा, असं मी बाईंना सुचवलं: आधी जर्मन बी-दोन, मग इंग्रजी हे जोडकाम. जर्मन कंपन्यांतल्या माणसांना इंग्रजी शिकवताना त्यांच्या भाषेतून चूक समजावून सांगणारी शिक्षिका मिळाली तर ती अमेरिकन पोरापेक्षा चांगलीच ठरेल. मेजेश यांचं म्हणणं तिथं खरं होईल.

आमच्या पनवेलला ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि नाताळपासून विमानं उडू लागली. बाईंच्या गच्चीवरून ती दिसतात. पण शनिवारी त्या उलट्या दिशेला जातात. सकाळची हार्बर लोकल धरून सव्वा-दीड तासांत सीएसएमटी, तिथून चालत काळा घोडा, मॅक्स म्युलर भवन. ए-एकचा वर्ग. येताना बेलापूरला जागा मिळाली तर गृहपाठ होतो.

परवा भेटल्या तेव्हा तक्रार करतील असं वाटलं होतं. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग आहे, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, आणि त्याप्रमाणे आधीचं उपपद बदलतं. म्हणाल्या, वर्गातली हिंदी घरातली मुलं त्या तिसऱ्या लिंगापाशी पार गोंधळतात. निव्वळ इंग्रजीत वाढलेल्यांना तर तिन्ही डोक्यावरून जातात. जर्मनच्या मास्तरीण बाईंनी विचारलं, मूल या शब्दाला नपुंसकलिंग का बरं असेल? कुणालाच सांगता येईना.

"मी म्हटलं, असणारच. आमच्याकडे पण ते मूलच असतं."